रसातली अर्धी गोळी

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार. अमरावती

बाबा नाही म्हणाले. डॉक्टरांच्या तोंडावर, सरळ.

डॉक्टर समजावून सांगत होते – प्रोस्टेटचा कॅन्सर आता कण्यात आणि खुब्यात उतरलाय, साध्या गोळ्यांनी हे दुखणं आवरणार नाही, मॉर्फिन सुरू करू. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे कायपासून बनते साहेब?" डॉक्टर तेवढं एक खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "अफूपासून. पण काका, ही नशा नाही. औषध आहे."

"अफू असंन तं मले नाही पायजे."

संपलं. आजोबा दारूत गेले तेव्हा बाबा सतरा वर्षांचे होते. तेव्हापासून पंचशीलातलं पाचवं शील – कसलीही नशा नाही. बत्तीस वर्षं एसटीची गाडी चालवली, सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही. खोकल्याच्या बाटलीवरचं बारीक अक्षर लहानपणी मला वाचायला लावायचे, त्यात दारू नाही ना म्हणून. हर्नियाच्या ऑपरेशनला भूल देणाऱ्या डॉक्टरशी वाद घातला – "भूल म्हंजे नशाच ना?" शेवटी कमरेखालची भूल घेतली आणि पूर्ण वेळ जागे राहून त्यांना अकोला–अमरावती रस्त्यावरची सगळी वळणं सांगितली. हा किस्सा आम्ही दर लग्नात सांगायचो. 

डॉक्टरांनी गोळ्या तरी दिल्या. सोबत पोट साफ होण्याच्या औषधाची बाटली आणि नोंदीची वही. "घरी असू द्या. मन बदललं तर फोन करा, कशी द्यायची ते सिस्टर सांगेल." मन बदलेल असं त्यांना वाटतं. ते बाबांना आज पहिल्यांदा भेटले.

महिन्याची रजा टाकली आहे. हे अकोल्याला एकटे. पाटबंधारेच्या ऑफिसात माझ्या टेबलावर कोण बसलं असेल कोण जाणे.

५ नोव्हेंबर

कूस बदलताना जो आवाज आला तो बाबांचा नव्हता. माणसाचाच नव्हता.

आईने विचारलं, "दुखलं का?" बाबा म्हणाले, "नाही."

६ नोव्हेंबर

वहीत दुखण्याचा आकडा लिहायचा असतो. शून्य ते दहा. बाबांना विचारलं, दहापैकी किती? म्हणाले, "सहन होते तेवढं." मग काय लिहू? पाच लिहिले. नंतर खोडून नऊ केले.

दुपारी ते टॉवेलचं टोक दातांत धरून होते. मी आत आले तसा काढला आणि तोंड पुसल्यासारखं केलं. टॉवेलवर दातांचे वण.

मला कधीच कोणाचं मरण पाहावं लागलं नाही. आजी गेली तेव्हा मी परीक्षेला, सासरे गेले तेव्हा बाळंतपणात. एकोणपन्नास वर्षांची झाले आणि मला माहीत नाही माणूस जातो म्हणजे काय होतं. तोंड उघडं राहतं का? आवाज येतो का? कोणाला विचारायचं?

७ नोव्हेंबर, गुरुवार

दिली.

सकाळी आठ वाजता बाबा म्हणाले, "संध्ये, खिडकी लाव." खिडकी बंदच होती. दुखण्याने त्यांना सगळंच बोचत होतं – उजेड, पंखा, चादर. मी स्वयंपाकघरात गेले, एका गोळीचे दोन तुकडे केले, एक तुकडा पोळपाटावर लाटण्याने कुटला. आई दारात. "काय कुटून राहिली?" "गॅसची गोळी." आईने गुडघ्याला हात लावून वाकून पोळपाटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "गॅसची गोळी कुटत नाहीत. मी काही पाह्यलं नाही." आणि गेली.

संत्र्याच्या रसात घातली. रस तसाही थोडा कडसर असतो. बाबांनी पेला संपवला, मिशी पुसली. "यंदाचं संत्रं कडू हाय."

"बिया चिरडल्या गेल्या, बाबा."

किती सहज आलं तोंडात. चौथं शील. लहानपणी याच माणसाने शिकवलेलं – मुसावादा वेरमणी, खोटं बोलणार नाही.

मग मोबाइलवर घड्याळ लावून श्वास मोजत बसले. मिनिटाला सोळा. चौदा. पंधरा. बारा झाले तेव्हा माझेच थांबले. मग परत पंधरा. बारा वाजेपर्यंत मोजत होते. कागद भरला.

मरतील का माझ्या हातून?

८ नोव्हेंबर

झोपले. सलग चार तास. तोंड मिटून.

दिवसातून तीनदा देते आहे. रस, दुपारच्या कण्या, संध्याकाळचं दूध. दर वेळी अर्धी. डॉक्टर बहुतेक जास्त देतात, पण विचारू कोणाला?

१० नोव्हेंबर, रविवार

नत्थुजी काका वरूडहून संत्र्यांचं कॅरेट घेऊन आले. बाबांचे कंडक्टर. एकाच गाडीवर अकरा वर्षं. घंटी कोणी किती वेळा मारायची यावरून दोघं अजून भांडतात.

"काय डायवर, कशी काय तब्येत?"

"बस हाय. दुखनं होतं, थे मांगं सारलं."

"कसं?"

"मनानं." बाबा उशीला टेकून बसले होते. किती दिवसांनी बसले! "डाक्टर अफू देऊन राह्यला होता. म्या म्हटलं नाही. डोये मिटले, श्वासावर ध्यान ठेवलं. तीन दिवसांत कमी आलं. तुमी लोक विश्वास ठेवत नाही ना, आता पाहा."

नत्थुजी काकांनी हात जोडले. खरंच जोडले. "तुह्यासारखा माणूस नाही पाह्यला बाप्पा. आमच्या वारकऱ्यायची तमाखू सुटत नाही, अन् तू मरनाच्या दारात अफू सोडतं."

मी चहा आणायला उठले. कप बशीवर वाजत होते, म्हणून दोन्ही हातांनी धरले.

त्यांना वाटतं आहे हे त्यांनी केलं. मी हा विचारच केला नव्हता. मला वाटलं होतं फार तर त्यांना कळेल, रागावतील. पण ते अभिमानाने सांगायला लागतील, असं नव्हतं वाटलं. आता सांगितलं तर फक्त शील मोडल्याचं सांगणं होणार नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

दवाखान्यातून सिस्टर यायला लागली. हर्षा. तिशीची असेल, ॲक्टिव्हावर येते, हेल्मेट कोपऱ्यात ठेवून पहिले हात धुते. बाबांना काका म्हणते. दर मंगळवारी येणार.

बाबांनी तिलाही सांगितलं – बिना अफूचं. ती म्हणाली, "वा काका. आम्हाला पण शिकवा." जाताना माझ्याकडे एकदा पाहिलं. गोळ्या मोजल्या नाहीत. घाईत होती.

१३ नोव्हेंबर

श्वास : चौदा, चौदा, तेरा.

१५ नोव्हेंबर

सुगतचा पुण्याहून फोन. त्याला सांगितलं. कोणाला तरी सांगायलाच हवं होतं. तो म्हणाला, "ताई, एकदम बरोबर केलंस. देत राहा. मी आहे ना."

"कुठे आहेस?"

 मग म्हणाला, गरज पडली तर नागपूरला हलवू, आयसीयूत ठेवू, तो सगळं बघेल. फोनवरून. मी चिडले नाही. त्याच्या आवाजातही तेच होतं जे माझ्या पोटात आहे. फक्त तो लांबून भितो, मी जवळून.

१७ नोव्हेंबर

बाबा आज म्हणाले, "मी गेल्यावर विहारात सांगजो, शेवटपर्यंत शुद्धीवर होता म्हना. पोट्ट्यायले सांगाले उपयोगी पडते."

हो म्हटलं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

पकडली गेले.

हर्षाने पोट दाबून पाहिलं. दगड. "काका, शौचाला कधी झाली?" बाबा लाजले, खिडकीकडे बघायला लागले. मी म्हटलं सहा दिवस.  तिने एनिमा दिला, सगळं स्वच्छ केलं, त्यांना हसवत हसवत. मग म्हणाली, ताई, जरा गेटपर्यंत या.

गेटवर तिने हात पुढे केला. "गोळ्या आणा."

मोजल्या. अठरा कमी.

"ही गोळी सुरू असली की पोटाचं औषध द्यावंच लागते. बाटली सीलबंद हाय तुमची. काहून नाही दिलं?"

कारण बाबांनी विचारलं असतं, हे औषध कशाला म्हणून. मी हे बोलूच शकले नाही. मान खाली. एकोणपन्नास वर्षांची बाई, गेटवर.

"तुम्ही काकांना मारून नाही राह्यल्या," ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्हाला तेच वाटून राह्यलं ना? इतक्या गोळीनं कोणी मरत नाही. उलट कमी देऊन राह्यल्या. चोरून देता म्हणून अर्धी देता, चोरून देता म्हणून पोटाचं देत नाही. त्यात त्यांचेच हाल. पण हे चालत नाही ताई. माणूस शुद्धीवर हाय, त्यानं नाही म्हटलं हाय."

"दुखलं तर?"

"तर दुखलं. त्यांचं दुखनं हाय."

मग म्हणाली – पुढच्या मंगळवारपर्यंत तुम्ही सांगा. नाही तर मला सांगावं लागेल, आणि परक्या बाईकडून कळलेलं त्यांना जास्त लागेल. तोपर्यंत एकदम बंद नका करू, आता शरीराला सवय झाली; पोटाचं औषध आजच सुरू करा. वरिष्ठांना मी फोन करते.

ती ॲक्टिव्हा सुरू करत होती, तेव्हा मी विचारलंच तिला. जाताना काय होतं? तिने गाडी परत बंद केली. सांगितलं. जेवण सुटेल. झोप वाढेल. माणसं ओळखण्यात गडबड होईल. पाय गार पडतील, श्वासांत अंतर पडेल, घशात घरघर होईल – ती त्यांना त्रास देत नाही, आपल्याला देते. "जेवन सुटलं म्हणून जात नाहीत ताई. जायला लागले म्हणून जेवन सुटते. तोंडात कोंबत नका बसू."

माहीत झालं की भीती कमी होते म्हणतात. माझी नाही झाली. फक्त आता तिला पाय आहेत, गार.

२० नोव्हेंबर

मतदान. आई आणि मी आळीपाळीने जाऊन आलो. बाबांनी आमची बोटं धरून शाई पाहिली. "बरं केलं." आयुष्यात पहिल्यांदा मतदान चुकलं त्यांचं.

२१ नोव्हेंबर

विहारात गेले. भंतेजी अंगणात धुतलेलं चीवर वाळत घालत होते. त्यांना विचारलं, औषध म्हणून अफूची गोळी घेतली तर पाचवं शील मोडतं का?

म्हणाले, नाही. आजाऱ्याला औषधाची मोकळीक बुद्धाच्या काळापासून आहे. झिंगायला घेणं वेगळं, दुखणं उतरवायला घेणं वेगळं.

इतकं हलकं वाटलं मला! म्हटलं, मग तुम्ही घरी येऊन बाबांना एवढं सांगाल का?

"ते घेतात का गोळी?"

"मी देते. त्यांना माहीत नाही."

भंतेजींनी चीवराची सुरकुती सरळ केली. "मग पाचव्या शीलाचं कशाला विचारून राहिली बाई? तुझं काम चौथ्याशी आहे. तू सांग. तू सांगितल्यावर मी येतो."

परत येताना रिक्षात बसून रडले. रिक्षावाल्याने आरसा वर केला, मी त्याला दिसू नये म्हणून. भला माणूस.

२२ नोव्हेंबर

आज सांगणार होते. बाबांनी सकाळी विचारलं, "अकोल्याले कवा जातं? जवाई उपाशी राहत असंन." मी म्हटलं, ते स्वयंपाक शिकले. बाबा हसले. हसणाऱ्या माणसाला कसं सांगू?

२३ नोव्हेंबर

आज झोपेत होते.

उद्या.

२४ नोव्हेंबर, रविवार



नत्थुजी काका आले. मी रस घेऊन आत येत होते, गोळी घातलेला. बाबांनी घोट घेतला आणि गमतीने म्हणाले, "नत्थू, तुह्या बगीच्याचं संत्रं यंदा कडूच निघालं बरं."

काकांना लागलं. "कडू? माह्या बगीच्याचं? वरूडात जाऊन असं बोलशील तं लोक मारतीन तुले. आन इकडं, पाह्यतो चाखून." आणि बाबांच्या हातून पेला घेतला. ओठांना लावला.

मी तो हाताने उडवला. सरळ फटका. पेला भिंतीवर, रस चादरीवर, काकांच्या धोतरावर. 

"माशी होती," मी म्हटलं.

काका धोतर झटकत होते. "अवो पोरी, पाजाचा नव्हता तं तसं सांगाचं. आमच्या घरी जनावरालेबी असं हाकलत नाहीत." आईने त्यांना आत नेलं, पाणी दिलं, काहीतरी बोलली. दमली आहे पोरगी, झोप नाही.

बाबा माझ्याकडे बघत होते. चादरीवरच्या रसाकडे बघितलं, मग परत माझ्याकडे. बत्तीस वर्षं रस्त्यावर दोन गाड्या पुढचं ओळखणारा माणूस. 

ती एक वेळ चुकली. भीतीने दुसरी दिली नाही. चार वाजल्यापासून टॉवेल दातांत.

२५ नोव्हेंबर, सोमवार

सांगितलं.

दाढी करून देत होते. अर्धी झाली होती, रेझर गळ्याशी. बोलता येणार नाही अशी वेळ मी निवडली का? असेल. म्हटलं, बाबा, रसात गोळी असते. तीच. डॉक्टरांची.

ते हलले नाहीत. रेझर होता ना गळ्याशी. मी तो काढला.

"कवापासून?"

"सात तारखेपासून."

बोटांवर मोजलं. ओठ हलत होते. अठरा–एकोणीस दिवस. मग म्हणाले, "म्हंजे थे मी नव्हतो."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. दुखणं थांबवणारे ते नव्हते.

मी म्हटलं, भंतेजी म्हणतात औषधाने शील मोडत नाही. ते म्हणाले, "भंतेजीले तू विचारलं. मले नाही विचारलं." हाताने उरलेला फेस पुसला आणि भिंतीकडे तोंड केलं. "जा."

उजवा गाल साफ, डाव्यावर पांढरे खुंट तसेच.

दुपारी पाणी घेऊन गेले. तोंड उघडलं नाही. आईने तोच पेला, तेच पाणी पुढे केलं – प्याले.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

हर्षासमोर म्हणाले, "सिस्टर, इच्या हातचं पानीबी नाही पायजे मले. अन् थे गोळीबी नाही. आता शुद्धीवर सांगतो."

तिने खुर्ची ओढली, बसून सगळं समजावलं. एकदम बंद केल्याने घाम येईल, मळमळ होईल, दुखणं उसळेल. कमी कमी करत बंद करू या का? नाही. दुसरं काही? पॅरासिटामॉल चालेल. शेक चालेल. "बरं काका. तुमचं शरीर, तुमचं मन. बदललं तर मला सांगा, ताईंना नसेल सांगायचं तर मला." मग त्यांचा उरलेला अर्धा चेहरा तिने केला. त्यांनी करू दिला.

मी स्वयंपाकघरात, भांडी नसताना भांडी घासत होते.

संध्याकाळी भंतेजी आले. बाबांनी हात जोडले, परित्राण पाठ ऐकला. गोळीचा विषय काढला तसे म्हणाले, "भंतेजी, तुमचं बरोबर हाय. पन माह्यानं होत नाही."

२८ नोव्हेंबर

मला खोलीत जायची बंदी नाही. दारापर्यंत जाते. तिथून दिसतं. घामाने बनियन चिकटलेलं, पायाचे तळवे एकमेकांवर घासत असतात. आईला उचलता येत नाही, गुडघे साथ देत नाहीत. तरी कूस तीच बदलते, कारण मी हात लावला की ते अंग आखडतात आणि जास्त दुखतं.

आज आई शेवटी बोलली. पन्नास वर्षांत इतक्या मोठ्याने पहिल्यांदा. "शील तुमी पाळता अन् कन्हनं आमी आयकतो. पोरीनं काय इख पाजलं का तुमाले? लहान असतानी तुमी तिले इंजेक्शन द्याले घेऊन गेलते, लिमलेटची गोळी देतो म्हनून. थे खोटं नोतं का?"

बाबा म्हणाले, "थे लेकरू होतं."

"अन् आता तुमी कोन हा?"

 मी दारामागे होते. मला वाटलं मी आता पळून जावं. बडनेऱ्याला, मिळेल ती गाडी, अकोला. चप्पल घातलीसुद्धा. गेटपर्यंत गेले. परत आले.

२९ नोव्हेंबर

आई आंघोळीला गेली होती. मी दारात. ते डोळे मिटूनच बोलले.

"मले विचारलं असतं तं मी नाही म्हनलो असतो."

"म्हणून तर नाही विचारलं, बाबा."

"माहीत हाय."

मग – "लय भेकड निघाली तू. तुह्या मायवर नाही गेली."

हे चार दिवसांतलं पहिलं बोलणं. मी ते तीनदा मनात म्हणून पाहिलं. शिवी होती. तरी बरं वाटलं. पाणी विचारलं, मान हलवली. नाही.

३० नोव्हेंबर

जेवण सुटलं. आई भात कालवून बसली होती, मी तिचा हात धरला. कोंबू नको. ती रडली नाही. भात स्वतः खाल्ला, त्यांच्याच समोर, त्यांच्याच ताटातला.

१ डिसेंबर, रविवार

सकाळी आईला "बेबीताई" म्हणाले. बेबीताई म्हणजे आमची आत्या. तिला जाऊन आठ वर्षं झाली. "बेबीताई, गाडी किती वाजताची हाय?" आई म्हणाली, "हाय वेळ अजून." तिला कोणी शिकवलं हे?

हर्षाला फोन केला. म्हणाली, अंगात मीठ-बीठ, किडनी, सगळंच बिघडत चाललंय. त्याने होतं असं. मधूनच ओळखतील, मधूनच नाही. वाद घालू नका. दिवसांची गोष्ट आहे आता. सुगतला बोलवा.

सुगतला बोलावलं. परवा पोचतो म्हणाला.

त्यांचे पाय हातात घेऊन पाहायचे होते, गार झाले का. हिंमत झाली नाही. अंगठा तेवढा लावला, चादरीवरून. कळलं नाही.

२ डिसेंबर

नत्थुजी काका येऊन बसले. त्यांना सगळं सांगितलं – रस, गोळी, पेला. ऐकून घेतलं. "म्हंजे माह्यं संत्रं गोडच होतं," म्हणाले, आणि गमछ्यात तोंड घालून रडायला लागले. बाबांनी त्यांना ओळखलं नाही. तिकीट मागितलं.

दुखणं मात्र ओळखतात. ते विसरत नाहीत.

वाटतं, आता त्यांना कुठे कळणार आहे, घालावी परत रसात. पेला हातात घेतला होता. ठेवून दिला. त्यांनी नाही म्हटलं तेव्हा ते शुद्धीवर होते, आणि मी पण.

३ डिसेंबर, मंगळवार

हर्षाला यायला उशीर. आई पलीकडे आडवी झाली होती. मी नोंदीची वही घेऊन कॉटजवळ गेले, तर बाबांनी डोळे उघडले. "आल्या का सिस्टर? या." मी मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं.

"लय दुखते हो. सोसत नाही आता. थे अफूची गोळी हाय का तुमच्यापाशी?"

आहे, म्हटलं. अख्खी काढली, तळहातावर ठेवून त्यांना दाखवली. त्यांनी पाहिली. माझ्या हातून घेतली, माझ्या हातून पाणी प्याले. मग मनगट धरलं माझं आणि आवाज अगदी खाली आणला. "पन माह्या पोरीले सांगू नोका. तिले वाटते, बाबा अजून शील पाळून राह्यला."

"नाही सांगत, काका."